मेंढरांच्या मागून गेलेला पर्वतयात्री

पर्वताकडे मनुष्य नाना हेतूंनीं जातो. कोणी तीर्थासाठीं जातो, कोणी शिकारीसाठीं, कोणी औषधी वनस्पति गोळा करण्यासाठीं, तर कोणी शिखरावर पाऊल ठेवल्याचा अभिमान मिरविण्यासाठीं. परंतु हातांत बंदूक नाहीं, पाठीवर ओझें नाहीं, बरोबर सोबती नाहीं, आणि वाटेंत भेटणाऱ्या पशुपक्ष्यांना मारावयाचें नसून त्यांचें जिणें नुसतें पाहावयाचें आहे, अशा हेतूनें महिनेच्या महिने डोंगरांत हिंडणारा मनुष्य एकोणिसाव्या शतकांत विरळाच होता. अमेरिकेच्या पश्चिम भागांतील सिएरा नेवाडा पर्वतांत १८६९ पासून असा एक मनुष्य हिंडूं लागला. त्याचें नांव जॉन म्यूर. त्याच्या या भटकंतींतून पुढें कायदे झाले, संस्था उभ्या राहिल्या आणि एका विस्तीर्ण प्रदेशाला संरक्षण मिळालें. या कथेचा आरंभ मात्र मेंढरांच्या एका कळपापासून होतो; आणि पुढें दिसेल कीं, तिचें उत्तरकांडही मेंढरांनींच लिहिलें.

म्यूरचा जन्म २१ एप्रिल १८३८ रोजीं स्कॉटलंडमधील डनबार या समुद्रकांठच्या गांवीं झाला. १८४९ मध्यें त्याच्या बापानें अमेरिकेची वाट धरली आणि विस्कॉन्सिनच्या जंगलांत शेत मोडलें. बाप कमालीचा धर्मनिष्ठ आणि तितकाच कठोर होता. मुलाच्या वांट्याला नांगर, कुऱ्हाड आणि पहार हींच आलीं. नव्या शेतांत विहीर खणण्याचें काम त्या मुलाकडेच सोंपविण्यांत आलें. दगड फोडीत फोडीत तो नव्वद फूट खोल गेला, आणि तळाशीं सांचलेल्या विषारी वायूनें त्याचा प्राण जातां जातां वांचला. यंत्रें करण्याची त्याला उपजत बुद्धि होती. विस्कॉन्सिनच्या विश्वविद्यालयांत त्यानें कांहीं काळ शिक्षणही घेतलें. परंतु पदवी न घेतांच तो बाहेर पडला.

मार्च १८६७ मध्यें इंडियानापोलिस येथील एका कारखान्यांत काम करीत असतां हातांतलें टोकदार हत्यार निसटून त्याच्या उजव्या डोळ्यांत शिरलें. थोड्याच वेळांत दुसऱ्या डोळ्याचीही दृष्टि मावळली. कित्येक आठवडे तो अंधाऱ्या खोलींत पडून होता. सुदैवानें दृष्टि परत आली. परंतु त्या अंधारांत त्याचा एक निश्चय होऊन गेला. परत मिळालेले डोळे यंत्रांच्या चाकांवर खर्च करावयाचे नाहींत. जें पाहण्यासारखें आहे तें पाहावयाचें. त्याच वर्षीं तो फ्लोरिडाच्या किनाऱ्यापर्यंत सुमारें एक हजार मैल पायीं चालत गेला. तेथें हिंवतापानें त्याला अंथरुणाला खिळविलें. बरें वाटतांच क्यूबामार्गें जहाजांत बसून मार्च १८६८ मध्यें तो सॅन फ्रॅन्सिस्को शहरीं उतरला. शहरांत न रेंगाळतां तो पायींच पूर्वेकडे निघाला, फुलांनीं भरलेलें विस्तीर्ण खोरें ओलांडलें, आणि सिएरा पर्वतांतील योसेमिटी नांवाच्या दरीपाशीं येऊन पोंचला.

डोंगर पाहिला, पण तेथें राहावयाचें तर पोट कसें भरावें? हा प्रश्न मेंढरांनीं सोडविला. १८६९ च्या उन्हाळ्यांत डेलेनी नांवाच्या एका कळपवाल्यानें आपलीं दोन हजारांहून अधिक मेंढरें सखल भागांतून उंच कुरणांकडे नेण्याचें ठरविलें आणि म्यूरला बरोबर घेतलें. मेंढरें हांकण्यास दुसरा मेंढपाळ होता. म्यूरनें नुसतें लक्ष ठेवावें आणि उरलेल्या वेळीं वाटेल तिकडे हिंडावें, असा हा सौदा होता. ३ जून १८६९ रोजीं कळप निघाला. कमरेला टिपणवही, जवळ थोडी भाकर आणि बरोबर फार तर कार्लो नांवाचा एक मोठा कुत्रा, एवढ्या सामग्रीवर म्यूर रोज एकेक डोंगर पालथा घालूं लागला. ७ सप्टेंबर रोजीं तो एकट्यानेंच कॅथीड्रल पीक या देवळासारख्या दिसणाऱ्या शिखराच्या माथ्यावर चढला. या शिखराचें नांव वाचकांनीं लक्षांत ठेवावें.

त्या उन्हाळ्यांतील एक प्रसंग प्रसिद्ध आहे. एके दिवशीं कार्लोनें वाऱ्यावर कसला तरी वास हुंगला आणि तो दबकत मालकाच्या जवळ आला. म्यूर झाडांच्या आडून सावधपणें पुढें सरकला. समोर लहानशा कुरणांत एक धिप्पाड अस्वल फुलांत उभें होतें. म्यूरनें झाडाआडून त्याला मनसोक्त न्याहाळलें. पण एवढ्यानें त्याचें समाधान होईना. अस्वल मनुष्यास पाहून पळतें असें त्यानें ऐकलें होतें. तेव्हां तें पळतांना कसें दिसतें हेंही पाहून घ्यावें, या विचारानें तो ओरडत आणि हात हालवीत एकदम पुढें धांवला. अस्वल पळालें नाहीं. त्यानें डोकें खालीं घालून या आगंतुकाकडे रोखून पाहिलें. आतां पळण्याची पाळी कोणाची हा प्रश्न उरला! म्यूर जागच्या जागीं उभा राहिला आणि त्यानें नजर हालविली नाहीं. बऱ्याच वेळानें तें अस्वल सावकाश वळलें आणि मधून मधून मागें पाहत निघून गेलें. रानांत शिष्टाचाराचे नियम यजमान ठरवितो, पाहुणा नव्हे, हा धडा म्यूर त्या दिवशीं शिकला.

उन्हाळा संपला, मेंढरें परतलीं. पण म्यूर डोंगरांतच परत आला. दरींतील एका लांकूडगिरणींत काम करून तो पोटापुरतें मिळवी आणि मोकळा वेळ सांपडतांच एकटा बाहेर पडे. बरोबर पाव आणि चहा. पुष्कळदां कांबळेंही नसे. रात्र जेथें पडेल तेथें शेकोटी पेटवावी आणि तिच्या उबेंत पहांट होण्याची वाट पाहावी, असा त्याचा क्रम होता. हें हिंडणें रिकामटेंकड्याचें नव्हतें. योसेमिटीची दरी कशी निर्माण झाली, हा त्या काळीं वादाचा विषय होता. जमिनीचा तळच खचून ही दरी झाली, असें कॅलिफोर्नियाच्या भूगर्भ-पाहणीचे प्रमुख जोसाया व्हिटनी यांचें मत होतें. म्यूरला मात्र खडकांवर जागोजागीं घांसल्याच्या रेषा, आरशासारखे गुळगुळीत झालेले कडे आणि दूरवरून वाहून आलेले धोंडे दिसत होते. हें काम हिमनद्यांचें आहे, असें तो म्हणूं लागला. व्हिटनींनीं या मेंढक्याची हेटाळणी केली.

म्यूरनें उत्तर दिलें तें शब्दांनीं नव्हे, खुंट्यांनीं. १८७१ च्या शरद ऋतूंत त्यानें उंच भागांत एक जिवंत हिमनदी शोधून काढली होती. १८७२ च्या ऑगस्टमध्यें मॅक्लूर शिखराखालच्या हिमनदींत त्यानें एका रांगेंत खुंट्या ठोकल्या. ४६ दिवसांनंतर जाऊन पाहतो तों सर्वांत अधिक सरकलेली खुंटी ४७ इंच पुढें गेलेली! म्हणजे रोज सुमारें एक इंच. बर्फ चालतें हें त्यानें पट्टी लावून दाखविलें. दरीचें सर्व कोरीवकाम एकट्या हिमनदीचें आहे, हें त्याचें म्हणणें पुढें पूर्णपणें टिकलें नाहीं. फ्रान्स्वा माथेस या भूगर्भशास्त्रज्ञाच्या १९३० च्या ग्रंथानें नदी आणि हिमनदी या दोघींचाही वांटा दाखवून दिला. परंतु वादाचा मुख्य निकाल मेंढक्याच्याच बाजूनें लागला. आणि २०१३ मध्यें शास्त्रज्ञांनीं त्याच हिमनदीचें पुन्हां मापन केलें, तेव्हां आकारानें पुष्कळ आटूनही ती अद्याप रोज सुमारें एक इंचच सरकत असल्याचें आढळून आलें.

हीच पट्टी लावण्याची वृत्ति म्यूरनें पशुपक्ष्यांच्या निरीक्षणांतही ठेविली. त्याचा सर्वांत आवडता पक्षी म्हणजे डोंगरी ओढ्यांत राहणारा एक लहानसा करडा पक्षी. त्याला इंग्रजींत डिपर म्हणतात. याच कुळांतला त्याचा तपकिरी भाऊबंद आपल्या हिमालयाच्या ओढ्यांतही आढळतो. या पक्ष्याचे पाय बदकाप्रमाणें जोडलेले नसतात. तरी तो फेंसाळत्या पाण्यांत बेधडक शिरतो, पंखांनीं पाणी कापीत तळाशीं जातो, आणि दगडांखालचे किडे टिपून पुन्हां वर येऊन गाऊं लागतो. धबधब्याच्या तुषारांनीं सदैव ओलें राहील अशा ठिकाणीं तो शेवाळाचें घुमटाकार घरटें बांधतो. म्यूरनें हा पक्षी बाराही महिने पाहिला. हिंवाळ्यांत बर्फ पडूं लागलें आणि इतर पांखरें मुकीं झालीं, तरी याचें गाणें थांबत नाहीं, हें त्यानें हिमवादळांत स्वतः बाहेर पडून नोंदविलें. त्यावरचा त्याचा लेख १८७८ मध्यें स्क्रिब्नर्स मासिकांत छापून आला. पुस्तकी पंडितांनीं पेटींत ठेवलेल्या कातड्यावरून जें लिहिलें होतें, त्याहून हें वर्णन वेगळें होतें; कारण यांत पक्षी जिवंत होता.

त्याच वर्षीं त्यानें डग्लस खारीवरही लेख लिहिला. पाइन आणि सिकोया या महावृक्षांचीं बोंडें कुरतडून खालीं पाडावयाचीं आणि हिंवाळ्यासाठीं सांठवावयाचीं, हा या खारीचा धंदा. तिला संगीत आवडतें काय, हें पाहण्यासाठीं म्यूर एकदां रानांत बसून शीळ घालूं लागला आणि आपल्या मायभूमीचीं गाणीं म्हणूं लागला. एक खार, मग दुसरी, अशा कित्येक खारी आणि पांखरें जमून ऐकत बसलीं. परंतु देवळांतील एक संथ स्तोत्र त्यानें आळवूं लागतांच साऱ्या खारी पसार झाल्या! ही गोष्ट तो मोठ्या चवीनें सांगत असे.

एकट्यानें हिंडण्याचें मोल केव्हां केव्हां जबर द्यावें लागतें. ऑक्टोबर १८७२ मध्यें कांहीं चित्रकारांना एका रम्य ठिकाणीं चित्रें काढण्यास बसवून म्यूर तीन दिवसांसाठीं रिटर शिखराकडे एकटाच गेला. हें शिखर तेरा हजार फुटांहून उंच असून तोंपर्यंत त्यावर कोणीही चढल्याची नोंद नव्हती. खुरट्या पाइनच्या झुडुपांत, अंगावर कांबळें नसतां, त्यानें रात्र काढली. दुसऱ्या दिवशीं उभ्या कड्याच्या मध्यावर तो अशा जागीं अडकला कीं, दोन्ही हात पसरून खडकाला चिकटलेला, वरही जातां येईना आणि खालींही उतरतां येईना. आतां आपण पडणार असें क्षणभर त्याला निश्चित वाटलें. मग एकाएकीं अंगाचा कंप थांबला, नजर निवळली, खडकांतील बारीकसारीक खांचा दिसूं लागल्या, आणि तो शिखरावर पोंचला. एकट्या प्रवाशाच्या या धाडसाचें कौतुक करतांना हें विसरूं नये कीं, तो पडला असता तर त्याचें प्रेतही कोणास सांपडलें नसतें.

आतां मेंढरांकडे वळूं. सिएरा पर्वतांत मनुष्यानें आणलेल्या मेंढरांखेरीज रानमेंढ्यांचीही एक जात होती. वांकड्या, जाड शिंगांचे नर आणि लहान शिंगांच्या माद्या अशा या रानमेंढ्या अगदीं उंच कड्यांवर राहत. १८७३ च्या शरद ऋतूंत सॅन वाकीन नदीच्या उगमाकडे चढत असतां म्यूरला एक लहानसा कळप दिसला. हिमनदीनें घांसून तुळतुळीत केलेल्या ज्या खडकावर मनुष्याचें पाऊल ठरणार नाहीं, त्यावरून त्या लीलेनें उड्या मारीत गेल्या. कड्यावरून उडी घेतांना हे प्राणी शिंगांवर पडतात, अशी शिकाऱ्यांत एक दंतकथा होती. म्यूरनें साधा प्रश्न विचारला. माद्यांचीं शिंगें तर अगदीं लहान. मग त्या त्याच कड्यावरून उड्या घेतात त्या कशाच्या आधारावर? एवढ्या एका प्रश्नानें ती दंतकथा ढासळली. १८७५ च्या एका लेखांत त्यानें रानमेंढीची लोंकर आणि पाळीव मेंढीची लोंकर यांची तुलना केली आणि रानांतली लोंकरच अधिक तलम आहे, असा निकाल दिला. जें जें मनुष्यानें पाळलें तें तें सुधारलें, या समजुतीला त्यानें दिलेला हा टोला होता.

पाळीव मेंढरांविषयीं मात्र त्याचें मन कडवट होत गेलें. ज्या कळपाबरोबर तो पहिल्यानें डोंगरांत आला, तसे कळप दरसाल येत. ते जेथून जात तेथें फुलें नाहींत, गवत नाहीं, रोपटें नाहीं, अशी स्थिति होई. त्यानें या कळपांना टोळधाडीची उपमा दिली. आपल्याला पोटाला घालणाऱ्या धंद्याविरुद्ध बोलण्यास धैर्य लागतें. त्यानें तें दाखविलें. जून १८८९ मध्यें सेंच्युरी मासिकाचे एक संपादक रॉबर्ट अंडरवुड जॉन्सन त्याच्याबरोबर टुओलुम्नीच्या उंच कुरणांत मुक्कामास होते. म्यूरच्या लेखांत वर्णिलेलीं फुलांचीं कुरणें कोठें गेलीं, असें त्यांनीं विचारलें. मेंढरांनीं खाल्लीं, हें उत्तर मिळालें. तेथेंच दोघांनीं बेत ठरविला. १८९० मध्यें म्यूरचे दोन लेख सेंच्युरींत प्रसिद्ध झाले, जॉन्सननीं राजधानींत खटपट केली, आणि १ ऑक्टोबर १८९० रोजीं योसेमिटी राष्ट्रीय उद्यानाचा कायदा झाला. मुख्य दरी १८६४ पासून कॅलिफोर्निया प्रांताच्या ताब्यांत होती. ती तशीच राहिली. नव्या उद्यानांत घोडेस्वार पलटणीचा पाहरा बसला. घुसलेला कळप सांपडला कीं मेंढरें एका सीमेबाहेर आणि मेंढपाळ दुसऱ्या सीमेबाहेर, अशी युक्ति स्वारांनीं योजिली. दोघांची गांठ पडेपर्यंत बरेच दिवस जात!

२८ मे १८९२ रोजीं सिएरा क्लब ही संस्था स्थापन झाली आणि मरेपर्यंत म्यूर तिचा अध्यक्ष होता. मे १९०३ मध्यें अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीं त्याच्याबरोबर तीन रात्री उघड्यावर काढल्या. त्यांतील एका रात्रीं तर अंगावर बर्फ पडलें. पुढें १९०६ मध्यें मुख्य दरीही राष्ट्रीय उद्यानांत आली. परंतु त्याच वर्षीं १८ एप्रिलला सॅन फ्रॅन्सिस्को शहर भूकंपानें आणि आगीनें उद्ध्वस्त झालें. शहराला पाणी हवें होतें. योसेमिटीचीच धाकटी बहीण म्हणावी अशा हेच हेची दरींत धरण बांधण्याची मागणी जोरांत आली. तहानलेल्या शहराचें म्हणणें खोटें नव्हतें; पाणी दुसरीकडूनही आणतां येईल, हें म्यूरचें म्हणणेंही खोटें नव्हतें. डिसेंबर १९१३ मध्यें धरणाच्या बाजूनें कायदा झाला. २४ डिसेंबर १९१४ रोजीं म्यूर वारला. १९२३ मध्यें धरण पुरें झालें आणि ती दरी पाण्याखालीं गेली.

या मनुष्याच्या दृष्टीलाही एक उणेपण होतें, आणि इतिहासानें तें झांकूं नये. म्यूरनें ज्या दरीला मनुष्याचा हात न लागलेली भूमि मानलें, तेथें अहवाहनीची नांवाचे मूळ रहिवासी शेंकडों वर्षें राहत होते. १८५१ मध्यें सशस्त्र तुकडीनें त्यांना तेथून हुसकून लावलें होतें. ते वेळोवेळीं गवत जाळीत, त्यामुळेंच दरींतील कुरणें मोकळीं राहत. म्यूरच्या लेखनांत त्यांच्याविषयीं तुच्छतेचे उद्गार आहेत. २०२० मध्यें सिएरा क्लबनेंच आपल्या संस्थापकाच्या अशा उद्गारांबद्दल जाहीरपणें नापसंती व्यक्त केली. अस्वलापुढें नम्र होणारी नजर माणसापुढें तितकी नम्र राहिली नाहीं.

दुसरी चूक रानमेंढ्यांविषयींची. उंच कड्यांवर या प्राण्याला मनुष्यापासून फारशी भीति नाहीं, असा म्यूरचा अंदाज होता. पाळीव मेंढरें गवत खातात हें त्याला दिसलें. परंतु तीं जाड शिंगांच्या रानबांधवांना फुप्फुसाचा रोगही देतात, हें त्या काळीं दिसण्यासारखें नव्हतें. रोग, शिकार आणि चराई यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभींच योसेमिटींतील रानमेंढ्या नाहींशा झाल्या. साऱ्या सिएरा पर्वतांत १९९० नंतरच्या दशकांत त्यांची संख्या सुमारें शंभरावर येऊन ठेपली, आणि १९९९ मध्यें ही जात नष्टप्राय म्हणून सरकारी संरक्षणाखालीं घेण्यांत आली. त्यानंतर त्या हळूहळू वाढूं लागल्या. मार्च २०१५ मध्यें कांहीं रानमेंढ्या हेलिकॉप्टरनें नेऊन योसेमिटींतील कॅथीड्रल पर्वतराजींत सोडण्यांत आल्या. शंभराहून अधिक वर्षांनीं त्यांचीं खुरें त्या खडकांवर पुन्हां वाजलीं. ७ सप्टेंबर १८६९ रोजीं एका मेंढक्यानें ज्याच्या माथ्यावर एकट्यानें पाऊल ठेवलें, तें कॅथीड्रल पीक याच राजींत आहे.

पाहणें आणि राखणें यांचें नातें या चरित्रांत स्पष्ट होतें. म्यूरनें जें जें जवळून पाहिलें, तें तें राखण्यासाठीं तो झगडला. जें त्याच्या नजरेंतून सुटलें, तें राखण्याचें काम पुढच्यांवर पडलें. रानमेंढ्यांचा रोग ओळखणारे, हिमनदीची चाल मोजणारे, आणि हुसकलेल्या लोकांचा वृत्तांत पुन्हां लिहून काढणारे, हे सर्व त्याचेंच अपुरें काम पुढें नेत आले आहेत.